बेळगावकडे ट्रायलोबाइट शोधायला निघण्याआधी दगडाचे वय बघा

प्रश्न थोडक्यात असा. निपाणी भागातल्या एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना आठवी-नववीची पंधरा मुले घेऊन शनिवार-रविवार ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एका नामशेष कवचधारी प्राण्याचे जीवाश्म, शोधायला जायचे आहे. बेळगाव जिल्ह्यात जागा कुठली, हत्यारे कोणती, आणि मिळाले तर काढायचे कसे, हे त्यांना हवे आहे. सोबत गोकाकजवळच्या नदीपात्रात मुलांना दिसलेल्या एका दगडाचा फोटो आहे. त्यावर बरगड्यांसारख्या समांतर रेघा आहेत आणि हा ट्रायलोबाइटच का, अशी विचारणा आहे.

आधी फोटोचे सांगतो. तो ट्रायलोबाइट नाही. वालुकाश्मावर उमटलेल्या पाण्याच्या लाटांच्या खुणा आहेत त्या. उथळ पाण्याखालच्या वाळूवर लाटांनी जशा वळ्या पडतात, तशाच वळ्या वाळूचा दगड होताना टिकून राहिल्या. ओळखायची खूण सोपी आहे. ट्रायलोबाइटला डोके, धड आणि शेपूट असे तीन भाग असतात, आणि उभ्या दोन खाचांनी अंगाचे डावी बाजू, मधला कणा, उजवी बाजू असेही तीन भाग पडतात. नावातले 'ट्राय' या उभ्या तीन भागांवरून आले. मधोमध कणा हवा, दोन्ही अंगे आरशातल्यासारखी सारखी हवीत आणि आकार कुठेतरी संपायला हवा. तुमच्या दगडावरच्या वळ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, त्यांना कणा नाही, डोके नाही, आणि दगड जिथे तुटला तिथेच त्या थांबतात. म्हणून ती प्राण्याची खूण नव्हे. तरी तो फोटो टाकून देऊ नका, त्याचा उपयोग पुढे आहे.

आता मूळ गोष्ट. बेळगाव, बागलकोट, धारवाड यांतल्या कुठल्याच जिल्ह्यात ट्रायलोबाइट मिळणार नाही. तो दुर्मिळ आहे म्हणून नव्हे. त्या काळाचा दगडच इथे नाही. ट्रायलोबाइट सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात दिसू लागले आणि सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी कायमचे संपले. ते कायम समुद्रातच राहिले, गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर कधी आले नाहीत. आपल्याकडचे दगड या दोन तारखांच्या अलीकडचे तरी आहेत, नाहीतर पलीकडचे. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग इथला काळा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. बेळगाव शहर आणि खानापूरकडचा जांभा तर त्याहून अलीकडे, जुना दगड कुजून तयार झालेला. उलट रामदुर्ग, सौंदत्ती, यरगट्टी या बाजूचे वालुकाश्म, चुनखडक आणि डोलोमाइट (चुनखडकाचाच मॅग्नेशियम असलेला भाऊबंद) कलादगीच्या खोऱ्यातले आहेत. त्यातल्या खालच्या, बागलकोट गटाच्या थरांत घुसलेली एक डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या वितळलेल्या खडकाची भिंत, सुमारे ११५ कोटी वर्षांची निघाली आहे. म्हणजे ते थर त्याहूनही जुने. त्यांच्यावरचा बदामी गट वयाने कमी, पण तोही ट्रायलोबाइटच्या आधीचाच. मधल्या काळात इथे थर साचले असतील-नसतील, आज शिल्लक एकही नाही.

हे मुलांना फळ्यावर एक रेघ ओढून दाखवा. दहा कोटी वर्षांना १० सेंटीमीटर धरा. ११५ कोटींना ११५ सेंटीमीटर, ५२ कोटींना ५२, २५ कोटींना २५ आणि लाव्ह्याला साडेसहा. मधल्या २७ सेंटीमीटरच्या पट्ट्यावर आपल्या जिल्ह्याचा एकही खडा ठेवता येत नाही, हे एकदा डोळ्यांना दिसले की पुढचे सगळे समजते. जीवाश्म शोधणाऱ्याचे पहिले हत्यार हातोडा नव्हे, भूशास्त्रीय नकाशा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर जिल्ह्याचे नकाशे बघायला मिळतात. ते बघितल्याशिवाय निघू नका.

भारतात ट्रायलोबाइट आहेत ते हिमालयात. स्पितीतल्या पाराहिओ नदीच्या खोऱ्यातले कॅम्ब्रियन थर (ट्रायलोबाइट दिसू लागले त्या काळातले) त्यासाठी जगभर माहीत आहेत. तिथले नमुने एफ. आर. काउपर रीड यांनी १९१० साली वर्णन करून प्रसिद्ध केले. काश्मीरमध्येही ट्रायलोबाइट मिळतात. राजस्थानात नागौर वालुकाश्मात ट्रायलोबाइटसारख्या प्राण्यांच्या रांगण्याच्या खुणा आहेत. यातले काहीही दोन दिवसांत निपाणीहून साधणारे नाही, आणि पाराहिओचे खोरे पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येत असल्याने तिथून दगड उचलून आणायचा विचारही करू नये.

मग सहल रद्द करायची का? मुळीच नाही. या दोन दिवसांत मुलांना ट्रायलोबाइटच्या दुपटीहून जुने जीवाश्म दाखवता येतात, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेले गोगलगायींचे शंखही. माझे मत विचाराल तर शाळकरी मुलांसाठी हे ट्रायलोबाइटपेक्षा सरस आहे, कारण यात शोधण्यापेक्षा ओळखण्याचे काम जास्त आहे.

पहिला दिवस गोकाकला द्या. निपाणीहून संकेश्वर-हुक्केरी मार्गे सकाळी सातला निघालात तर नऊच्या आसपास पोहोचाल. धबधब्यापाशी घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली पडते. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ नसते, म्हणजे दगड बघायला सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर तिथे शेवाळ्यावरून पाय सरकतो, तेव्हा मुलांना कातळावर नेऊ नका. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असतात. अत्तर, धूर आणि दगडफेक तिन्ही बंद. काठापासून पंधरा-वीस पावले आत थांबायचे, हा नियम बसमधून उतरण्याआधी सांगायचा, नंतर नाही.

इथे काम लाटांच्या खुणांचे. तुमचा तोच फोटो काढा आणि मुलांना मोजायला लावा. एका वळीच्या माथ्यापासून पुढच्या वळीच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये, सलग दहा वेळा, मग सरासरी. वळीचे दोन्ही उतार सारखे असतील तर पुढे-मागे हलणाऱ्या लाटांचे पाणी. एक उतार लांब आणि दुसरा आखूड असेल तर एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, आणि तो आखूड उताराच्या दिशेने वाहत होता. काही ठिकाणी बहुकोनी जाळीसारख्या खुणा दिसतात. चिखल उन्हात तडकला, भेगांत वाळू भरली, त्या या खुणा. काळ्या रानात उन्हाळ्यात जमीन तडकते ती मुलांनी रोज पाहिलेली असते, त्यामुळे हे लगेच पटते. हातोडा इथे बाहेर काढू नका. हा वालुकाश्म इतका घट्ट आहे की हातोडा उसळतो, कपच्या डोळ्यात जातात आणि हाती काही येत नाही.

गोकाक तालुक्याला जीवाश्मांचा मोठा इतिहास आहे, तो दुपारच्या जेवणाच्या वेळी सांगण्यासारखा. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी या मुलखात हिंडले. १८७६ साली 'साउथ मराठा कंट्री' असे नाव घेऊन त्यांचा या भागाच्या भूरचनेवरचा ग्रंथ निघाला. त्याआधी १८७४ साली त्यांनी गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्याच्या जीवाश्माचे वर्णन केले आणि त्याला 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' नाव दिले. लाव्ह्याच्या मानाने तो गेंडा कालपरवाचा, नदीच्या गाळातला. घटप्रभा आणि मलप्रभेच्या जुन्या गाळात अश्मयुगीन हातकुऱ्हाडीही मिळतात. बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेला, तळहाताएवढा दगड दिसला तर तो जीवाश्म नव्हे, माणसाने घडवलेले हत्यार आहे. तो जागचा हलवू नका. फोटो आणि जागेची नोंद करून पुरातत्त्व खात्याला कळवा. ती वस्तू जिथे पडली आहे तिथेच तिचा अर्थ असतो.

गोकाक परिसरात दुपारनंतरचे काम म्हणजे लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधले थर, ज्यांना भूशास्त्रात इंटरट्रॅपियन म्हणतात. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत शंख-शिंपले, पाणवनस्पती वाढल्या, आणि पुढच्या लाव्ह्याने ते सगळे झाकून टाकले. हे थर जेमतेम अर्धा मीटर ते काही मीटर जाडीचे असतात आणि डोंगराच्या कडेला सहसा दिसत नाहीत, माती त्यांना झाकून टाकते. म्हणून ते शोधायचे ते विहिरीच्या आणि शेततळ्याच्या खोदकामाच्या मलब्यात, कालव्याच्या कापात. काळ्या दगडांच्या ढिगात पांढरट, पिवळसर किंवा हिरवट झाक असलेला चिकणमातीचा अथवा गारगोटीसारखा घट्ट दगड दिसला की थांबा. गेरूसारखा लाल थर मात्र वेगळा. ती लाव्ह्याच्या उष्णतेने भाजलेली माती असते, तिच्यात शंख सापडण्याची आशा ठेवू नये. पुष्कळ लोक दिवसभर लाल थरच उकरत बसतात, कारण तो लांबून उठून दिसतो.

शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारायचे. या भागात कानडीतून विचारलेत तर माणूस मोकळा होतो. 'नमस्कार री, इल्लि कल्लु नोडबहुदेन्री?' एवढे एक वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या. इथले दगड बघू का, असा त्याचा अर्थ. चुनखडकाला 'सुण्णद कल्लु' म्हणतात, तो कुठे आहे हे विचारायला दुसऱ्या दिवशी हाच शब्द लागेल. मलब्यातला सुटा दगड मालकाच्या परवानगीने घ्यायला हरकत नाही. विहिरीच्या कडेला किंवा आत मुलांना पाठवायचे नाही, परवानगी असली तरी.

मिळणाऱ्या शंखांत सगळ्यात ओळखीचा म्हणजे फायसा प्रिन्सेपी. हा डावखुरा शंख आहे. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले की फायसाचे तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक शंखांचे ते उजव्या हाताला असते. दहा सेकंदांची ही परीक्षा मुलांना फार आवडते आणि ती चुकत नाही. फक्त फोटो आरशासारखा उलटवणारा सेल्फी कॅमेरा वापरू नका, नाहीतर उजवा शंख डावा होऊन बसतो. शंख पूर्ण सुटा क्वचितच मिळतो. बहुधा आतल्या पोकळीचा साचा असतो, म्हणजे कवच विरघळून गेलेले आणि आतला भरलेला गाळ दगड होऊन राहिलेला. अशा साच्यावर कवचाची नक्षी दिसणार नाही, म्हणून नुसत्या साच्यावरून जातीचे नाव ठोकून देऊ नये. 'डावखुरा गोगलगाय-शंख, आतला साचा' एवढी चिठ्ठी पुरे आणि ती खरी असते.

मऊ चिकणमाती मिळाली तर खरी मजा शाळेत परतल्यावर आहे. एक किलो माती पिशवीत आणा. ती कडक उन्हात दोन-तीन दिवस पूर्ण वाळवा. हीच पायरी लोक गाळतात आणि मग तक्रार करतात की ढेकळे फुटत नाहीत. ओलसर चिकणमातीत पाणी आत शिरत नाही. पूर्ण वाळलेल्या ढेकळांच्या सूक्ष्म छिद्रांत ते झपाट्याने शिरते आणि ढेकूळ आतून फुटते. बादलीत दोन-अडीच लिटर पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, मग वाळलेली ढेकळे. रात्रभर ठेवा, काठीने ढवळू नका, हाताने हलकेच फिरवा. मग एकाखाली एक अशा दोन चाळण्यांतून वाहत्या पाण्याखाली धुवा. वर रव्याची चाळण, खाली मैद्याची. प्रयोगशाळेच्या चाळण्या असतील तर ३० आणि १०० मेशच्या. बारीक चाळणीवर राहिलेला गाळ वर्तमानपत्रावर वाळवा, काळ्या कागदावर चिमूटभर पसरा आणि दहापट भिंगाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने निवडा. अर्धा ते एक मिलिमीटरचे, चवळीच्या दाण्यासारखे गुळगुळीत दाणे ऑस्ट्रॅकॉड या दुहेरी कवचाच्या सूक्ष्म जलचराचे असू शकतात. त्याच मापाचे, अंगावर मळसूत्रासारख्या आडव्या रेघा असलेले गोल दाणे कॅरोफाइट या पाणवनस्पतीची फळे. वाळूचा कण टोकदार आणि काचेसारखा असतो, हा फरक पहिल्या पन्नास कणांत डोळ्यात बसतो. धुतलेला चिखल बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. शाळेच्या बागेत ओता.

भिंग वापरण्याची पद्धत मुले हमखास चुकतात. दहापट भिंग डोळ्याला चिकटवून धरायचे आणि दगड उचलून भिंगाजवळ आणायचा, दोन-अडीच सेंटीमीटरवर. भिंग दगडावर ठेवून वरून डोकावले तर काहीच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी बेळगाव–बागलकोट रस्त्याने यरगट्टी ओलांडून लोकापूरकडे. हा पट्टा बागलकोट जिल्ह्यात जातो. इथला चुनखडक आणि डोलोमाइट म्हणजे या सहलीचे सार, कारण लोकापूर–कलादगी–बागलकोट पट्ट्यात स्ट्रोमॅटोलाइट आहेत. उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्मजंतूंचे चिकट थर पसरत. त्यांच्यावर गाळाचे कण चिकटत, चुना साचे, जंतू पुन्हा वर उजेडाकडे सरकत. असे पापुद्र्यावर पापुद्रे चढून घुमट आणि खांब तयार झाले. कवच, हाड, पाय, डोळा असले काही जगात नव्हते तेव्हाचा हा जिवंतपणाचा पुरावा आहे.

ते ओळखायचे कसे? उभ्या कापलेल्या तोंडावर बघितलेत तर मिलिमीटर जाडीच्या रेघा, वरच्या बाजूला फुगलेल्या, उपड्या ठेवलेल्या वाट्यांच्या चळतीसारख्या. आडव्या पृष्ठभागावर तेच घुमट कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळे होऊन दिसतात. दोन्ही दिशा एकाच ठिकाणी दिसल्याशिवाय नाव देऊ नका. दगड कोरडा असेल तर रेघा लपतात, म्हणून पाण्याची फवारणीची बाटली न्या, पाणी मारून मग बघा. उन्हाची वेळही महत्त्वाची. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरपे ऊन पडते तेव्हा उंचसखलपणा दिसतो. दुपारी बाराला त्याच दगडावर काही नाही असे वाटते. चुना पावसाने झिजतो आणि त्यातल्या सिलिकाच्या पट्ट्या उंच उठून राहतात, त्यामुळे जुना, उघडा, झिजलेला दगड ताज्या फोडलेल्यापेक्षा जास्त बोलका असतो. ताजे तोंड बघायला म्हणून घुमट फोडणे हा शुद्ध तोटा आहे.

फसवणारे दगड इथे पुष्कळ. लोहाच्या पाण्याने दगडात आतून रंगीत वलये उमटतात. ती थरांना न जुमानता आडवीतिडवी जातात, स्ट्रोमॅटोलाइटचे पापुद्रे थरांबरोबर चालतात. खऱ्या घुमटात पापुद्रा माथ्यावर जाड आणि उतारावर पातळ असतो बहुधा. घडी पडलेल्या थरात शेजारचे सगळे थर एकत्र वाकलेले दिसतात, स्ट्रोमॅटोलाइटमध्ये घुमटांच्या मधल्या खाचेत वेगळाच गाळ भरलेला असतो. गारगोटीचे टोकदार तुकडे अडकलेला एक खडबडीत दगडही या पट्ट्यात आहे. त्यातले तुकडे दात आणि हाडे म्हणून आणणारे लोक थोडे नाहीत. बेसाल्टच्या, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या कातळाच्या, मुलखात हीच गत कांद्यासारखे पापुद्रे सुटणाऱ्या गोल गोट्यांची, ज्यांना अंडी समजतात. फरशीवरच्या काळ्या झुडपासारख्या नक्षीला वनस्पती समजतात, ती भेगेत शिरलेल्या मँगनीज-लोहाच्या पाण्याची नक्षी असते. शहाबादी आणि कोटा फरशी तर ट्रायलोबाइटच्या आधीच्याच काळातली, तेव्हा घरातल्या जमिनीवर त्याला शोधू नका.

आम्लाची परीक्षा शिक्षकांनीच करायची. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात घाला. पाणी आम्लात घालायचे नाही. तीस मिलिलिटरच्या ड्रॉपर बाटलीत भरा, बाटली दुसऱ्या प्लास्टिक डब्यात ठेवा. चुनखडकावर थेंब टाकताच फसफसतो. डोलोमाइटवर थेंब शांत बसतो, पण खिळ्याने खरवडून भुकटी केली आणि तिच्यावर टाकला तर हळू बुडबुडे येतात. वालुकाश्मावर काही होत नाही. चूक होते ती इथे: काळ्या रानातल्या दगडांवर चुन्याचे पांढरे पुट चढलेले असते आणि ते फसफसते, मग बेसाल्टलाही चुनखडक म्हटले जाते. पुट खरवडून ताज्या भागावर थेंब टाका. काम झाल्यावर दगड पाण्याने धुवा.

स्ट्रोमॅटोलाइटचा तुकडा आणायचा नाही, त्याची नोंद आणायची. प्रत्येक जागेला क्रमांक द्या, 'लो-१', 'लो-२' असा. फोनवरचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत वहीत लिहा. फोटोतच आहेत म्हणून सोडू नका, फोटो पाठवताना ती माहिती गळते. फोटो तीन: माणूस उभा करून सगळे तोंड, मग दोन हात अंतरावरून, मग फोन दगडाला अगदी समांतर धरून जवळून. मापासाठी पट्टी, नसेल तर दहाचे नाणे, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. फोनचे होकायंत्र वापरताना हातोडा आणि गाडी लांब ठेवा, लोखंडाने सुई फिरते. शिसपेन्सिल वापरा, शाई घामाने पसरते. चांगल्या जागेवर ट्रेसिंग पेपर चिकटवून एका घुमटाचे पापुद्रे गिरवायला दोन मुलांना अर्धा तास लागतो, आणि त्या गिरवण्यातूनच घुमट कुठल्या बाजूला वाढत होता ते कळते. पापुद्रे मोजून वर्षे काढू नका, झाडाच्या वलयांचा नियम इथे लागत नाही.

चालू खाणीत जाऊ नका. रविवारी काम बंद असले तरी खाणमालकाची परवानगी आणि हेल्मेट लागतेच, आणि सुटलेल्या कड्याखाली कोणीही उभे राहायचे नाही. कड्याच्या उंचीइतके अंतर ठेवा. राखीव वनातून दगड उचलणे कर्नाटक वन कायद्याखाली गुन्हा ठरतो. जीवाश्मांसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केला होता. तेव्हा जागा कोणाची, हे आधी विचारायचे आणि शंका असेल तिथे फक्त फोटो.

सामान पंधरा मुलांना एवढे पुरते: आठशे-नऊशे ग्रॅमचे दोन हातोडे, तेही मोठ्यांच्या हातात आणि फक्त सुट्या मलब्यावर. फोडणाऱ्याला आणि चार हात परिघातल्या प्रत्येकाला संरक्षक चष्मा. हातोड्यावर हातोडा मारू नका, पोलादाची कपची गोळीसारखी उडते. पाच भिंगे, तीन फवारणीच्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रे, जाड प्लास्टिक पिशव्या. पिशवीत चिठ्ठी आणि पिशवीवर मार्कर, दोन्हीकडे तोच क्रमांक, कारण एकतरी पुसला जातोच. माणशी तीन लिटर पाणी. घोट्यापर्यंत बूट. सुटा दगड उलटताना पलीकडची कड काठीने किंवा हातोड्याने आपल्या बाजूला ओढून उचला, म्हणजे खाली फुरसे किंवा विंचू असेल तर दगड आड येतो. बोटे खाली घालायची नाहीत.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र हाच ऊसतोडीचा हंगाम. अंधारात मागे दिवे नसलेल्या ऊसट्रॉल्या या रस्त्यांवर उभ्या असतात, म्हणून साडेचारला परतीची गाडी सुटलीच पाहिजे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेचा शनिवार-रविवार टाळा, रस्ता आणि जेवण दोन्ही मिळत नाही.

एवढे होऊनही मुलांना ट्रायलोबाइट हातात घ्यायचा असेल, तर एक विकत आणा. अमेरिकेतल्या युटामधल्या व्हीलर शेलचा (शेल म्हणजे चिखलाचा झालेला पापुद्रेदार दगड) एल्राथिया किंगी हा सगळ्यात भरवशाचा. तो मुबलक मिळतो, त्यामुळे नकली करण्यात कोणाला फायदा नाही. एक ते चार सेंटीमीटर लांब, काळा, साधारण पन्नास कोटी वर्षांचा. मोरोक्कोचे मोठे काटेरी नमुने टाळा, त्यांत राळेत ओतलेले पुष्कळ असतात. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले, दोन नमुन्यांची एकसारखी मोडलेली कड दिसली, किंवा अतिनील दिव्यात दगडाचा ठराविक भाग वेगळा चमकला तर तो राळेचा. खऱ्या नमुन्यात दगडाची भेग बहुधा प्राण्याच्या अंगातून आरपार गेलेली असते आणि जोडलेली दिसते. विकणाऱ्याकडून खाणीचे नाव आणि थराचे नाव लिहून घ्या, ते नसेल तर तो नुसता शोभेचा दगड.

शेल कसा फोडतात ते शिकवायला शहाबादी फरशीचे टाकाऊ तुकडे दुकानातून आणा. तुकडा कडेवर उभा करा, दोन इंची रुंद छिन्नी थरांच्या रेघेवर ठेवा आणि हलके ठोके देत चारही बाजूंनी फिरा. एकच जोराचा घाव घातला तर फरशी आडवी तुटते, पापुद्रा सुटत नाही. ट्रायलोबाइटवाल्या शेलमध्येही हेच तंत्र. थर उघडला की दोन्ही अर्ध्यांवर नजर टाकायची, एकावर प्राणी आणि दुसऱ्यावर त्याचा ठसा असतो, आणि दोन्ही एकाच क्रमांकाने कागदात गुंडाळायचे. तिथे सापडणाऱ्यांत पुष्कळदा पूर्ण प्राणी नसतो, ती टाकलेली कात असते. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकत, म्हणून सुटे डोके किंवा सुटी शेपूट मिळाली की मोडका नमुना समजून फेकू नये.

विकतचा एल्राथिया, गोकाकचा लाटांचा फोटो, डावखुरा फायसा आणि लोकापूरच्या घुमटाचा ट्रेसिंग कागद, चारही त्या फळ्यावरच्या रेघेखाली त्या-त्या सेंटीमीटरवर लावा. गोकाकचा फोटो रेघेच्या कुठे लावायचा यावर मुलांना भांडू द्या, कारण त्या वालुकाश्माचे वय ५२ सेंटीमीटरच्या पलीकडे आहे एवढे ठरवायला त्यांच्याकडे पुरेसा पुरावा जमलेला असेल.